पानं पाहाले

आत्याला मी अजून माफ केलेलं नाही. तिच्या तेरवीचा स्वयंपाक मी केला, पंगती वाढल्या, फोटोला हारही घातला, पण माफ केलेलं नाही आणि आता या वयात तसा विचारही नाही. बाबांना निम्मंअर्धं केलं आहे. ते घाबरट होते, आणि घाबरट माणसावर पुरता राग धरायचा म्हणजे फार ताकद लागते. आत्या घाबरट नव्हती. तिला सगळं कळायचं, आणि कळूनसवरून ती तशी वागायची.

लोकांना वाटतं, एवढा राग म्हणजे वाटणीचा नाहीतर दागिन्यांचा असणार. तसलं काही नाही. राग पानांवरून आहे, झाडाच्या पानांवरून. असं सांगितलं की लोक हसतात. हसोत बापडे.

आमचं गाव राळेगाव तालुक्यातलं. घरचा कापूस, घरची तूर, घरची ज्वारी. खाऊनपिऊन बरं चाललेलं घर. महाराष्ट्र होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील तेव्हा. मी राळेगावच्या शाळेत जात होते आणि गावातल्या बायकांच्या मते फार शिकून गेले होते. आत्या ही बाबांची थोरली बहीण. तरुणपणी विधवा होऊन ती माहेरी आली आणि आल्या दिवसापासून कोठीच्या किल्ल्या तिच्या कमरेला लागल्या. तिच्या विधवापणाचं मला वाईट वाटायला हवं, हे मला अनेकांनी शिकवून झालं आहे. वाटतं ना, वाटत नाही असं नाही. पण आपल्या दुःखाची वसुली तिनं माझ्या आईकडून केली, तिथे माझी दया संपते. आई त्या घरात सून म्हणून आली आणि सालदारासारखी राबली. डाळ किती शिजवायची तेसुद्धा ती विचारून शिजवायची.

आमच्याकडे उगाच कोणी कुठे जात नसे. जायला काम लागे. कोणी मेलं तर बसायला जायचं, लग्न असेल तर आहेर घेऊन जायचं, लेक बाळंत झाली तर डिंकाचे लाडू घेऊन जायचं. नाहीतर मग नवस, बाजार, दवाखाना, कोर्ट. नुसतं पाहायला जायचं ते मुलगी, बैल नाहीतर शेत. यांतलं काही नसताना एखादा माणूस परगावी निघाला, की घरात भांडण झालं असेल किंवा याचं डोकं फिरलं असेल, असं गाव धरून चाले. वाटेत भेटेल तो विचारणारच, "काय काम काढलं?" आणि त्याला उत्तर द्यावंच लागे. गप्प राहून पुढे जाणाऱ्याची दुप्पट चर्चा.

आईचं माहेर पांढरकवड्याच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. बंडी पहाटे जुंपली तर दिवस मावळताना पोचायची. तिचे आईवडील वारलेले होते, भाऊ-भावजय होते. लग्नानंतर ती माहेरी गेली ती दिवाळीला नाहीतर बाळंतपणाला. फाल्गुनात कधीच नाही. फाल्गुनात आमच्याकडे कापसाची शेवटची वेचणी, तुरीची झोडपणी, गव्हाची कापणी, आणि त्यावर होळीचं पुरण. आणि तिला जे पाहायचं होतं ते फाल्गुनातच असायचं.

तिच्या माहेरचा डोंगर सागाचा. माघात साग आपली सगळी पानं टाकून देतो. ताटाएवढी ती पानं वाळून खाली पडतात, आणि त्यांच्यावरून साधा सरडा गेला तरी माणूस चालल्याचा आवाज येतो. तेव्हा तो डोंगर अगदी भिकारडा दिसतो. आणि मग त्या उघड्या डोंगरात कुसुमाच्या झाडांना पालवी येते ती लालभडक. फूल नाही, पानच लाल. आठवडाभर टिकलं तर टिकलं. मग तांबूस होतं, मग हिरवं, की संपलं. लहानपणी आई शेळ्या घेऊन वर जायची आणि कुसुमाखाली निजायची. लाल पालवीतून ऊन आलं की आपले हातपायसुद्धा लाल दिसतात, असं ती सांगायची. हे ती मला एकटीलाच सांगायची, कापूस साफ करताना, आणि आत्या आली की थांबायची.

त्या वर्षी पौषात, बाबा दुपारचे जेवायला बसलेले असताना, आईनं विषय काढला. आत्या त्यांच्या ताटावर लक्ष ठेवून समोर बसली होती. आई भाकरी वाढता वाढता म्हणाली, "औंदा फागुनात मले माहेरी जाचं हाय."

"काहून? काय काम हाय?" आत्यानं विचारलं.

"काम नाई. कुसुम पाहाचे हायेत. पालवी फुटते तवा."

बाबांचा घास हातातच राहिला. आत्या हसली. "आयकून राह्यला काय, भाऊ? तुही बायको पानं पाहाले जाते म्हनते! इथं पानं नाईत काय? नाल्यावरचा पयस पाह्य म्हना तिले."

"पयसाले फूल असते, बाई. मी पानाचं म्हनून राह्यली," आई म्हणाली. पयस म्हणजे पळस. आवाज हळूच होता, पण तिनं आत्याला उलट उत्तर दिलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

बाबा म्हणाले, "पाहू."

हा बाबांचा लाडका शब्द. त्यात होय नसे आणि नाही नसे, आणि तो म्हटला की त्यांना सुखानं जेवता येई. मला त्या शब्दाचा इतका संताप होता की पुढे माझ्या संसारात मी तो कोणाला उच्चारू दिला नाही. आईनं त्या घरात आजवर काही म्हणून मागितलं नव्हतं. लुगडंसुद्धा आत्या निवडायची. मागून मागितलं काय, तर झाडं. तेवढंही त्यांना "हो" म्हणून देता येत नव्हतं.

मी बाबांच्या मागे लागले. शेतात, गुरांच्या कोठ्यात, ते दाढी करत असताना, जिथे आत्या नसेल तिथे. शेवटी एक दिवस ते खूश होऊन घरी आले. आईच्या माहेरच्या गावात कोणाची तरी बैलजोडी विकाऊ आहे, असं त्यांना बाजारात कळलं होतं. म्हणजे काम सापडलं होतं. "जाऊ मंग," ते म्हणाले. "होळीच्या आंधी जाऊन येऊ." आईच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मी विसरणार नाही, आणि पुढचं सगळं घडलं ते त्याच दिवसापासून, हेही विसरणार नाही.

कारण आमच्या लोकांना निघालेली बंडी रिकामी जाताना पाहवत नाही. एकदा जायचं ठरलं की "जाऊनच राह्यलो तं" सुरू होतं. जाऊनच राह्यलो तं हेही करून टाकू, तेही उरकून टाकू. आत्याला हा मंत्र नीट ठाऊक होता. ती आईला नको म्हणाली असती तर एखाद वेळी बाबा तिच्याशी भांडले असते. तिनं नको म्हटलंच नाही. तिनं भर घातली.

"बैल घ्याचे तं आंधी कळंबच्या चिंतामनीले जाऊन या, चतुर्थीले," ती म्हणाली. "नवी जोडी अशीच दारात आनाची काय?" कळंब आमच्या गावाहून अगदी उलट दिशेला. पण चिंतामणीला नाही कोण म्हणणार? चतुर्थी होईपर्यंत निघायचं नाही असं ठरलं.

मग आमचे चुलत काका आले. गावातली निम्मी लग्नं यांनी जमवलेली. त्यांच्या नजरेत त्या डोंगराकडच्या गावात एक स्थळ होतं, भरपूर ओलिताचं शेत असलेलं. "जाऊनच राह्यले तं पोरगी दाखवून टाका," ते बाबांना म्हणाले. "मामाच्या घरी दाखवाची. ते लोक तिथंच येतीन." आत्याला हे इतकं पसंत पडलं की तिनं काकांना दुसऱ्यांदा चहा केला. मी तिथेच उभी होते आणि माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. दाखवायला चांगला वार पाहिजे म्हणून चतुर्थीनंतर आणखी काही दिवस पुढे गेले. काका येणार म्हणून काकूही येणार झाल्या. शेजारणींनी आपल्या तिकडे दिलेल्या लेकींसाठी वड्या, पापड आणि एक भलीमोठी गोधडी आणून टाकली. आई सगळ्यांचं सामान ओसरीत नीट रचून ठेवत होती. जणू ही सगळी तिचीच पाहुणी होती.

तारखा तिला कोणी सांगत नव्हतं, पण तिचा हिशेब तिच्याकडे होता. आमच्या शेताच्या वाटेवर नाल्याकाठी कुसुमाचं एकच झाड होतं, खुरटं, गुरांनी ओरबाडलेलं. ते रंगलं की त्यानंतर आठवड्यानं डोंगर रंगतो, असा तिचा अनुभव. एका सकाळी आम्ही वेचणीला जाताना ती त्या झाडापाशी थांबली. शेंड्याला लाल कोंब आले होते. ती ते न्याहाळून वेचणीला चालू लागली. दुपारी घरी आल्यावर मात्र तिनं बाबांना विचारलं, "चतुर्थी मांगून केली तं नाई चालत काय?"

बाबांनी आत्याकडे पाहिलं. आत्या म्हणाली, "देव थांबन आन झाड नाई थांबत काय?"

मी उसळले. मी म्हणाले, "आत्या, तुले दुसऱ्याचं सुख पाहावतच नाई. आईनं मांगितलं म्हनून तू मुद्दाम आडवं लावून राह्यली. चिंतामनीचं नाव कायले घेतं?"

बाबांनी उठून माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात एकदाच मारली, पण ती आत्यासाठी मारली. आई चुलीपुढून उठली नाही. तिनं निखारे मागे ओढले आणि भाकरी उलटवली. त्या क्षणी मला तिचाही राग आला.

अखेर जायचा दिवस उजाडला. आईनं पहाटेच सगळ्यांच्या दशम्या बांधल्या, अंघोळ केली आणि हिरवं लुगडं नेसली. ते तिनं लग्नाकार्याशिवाय कधी काढलं नव्हतं. बंडीत काका बसले, काकू बसल्या, आत्या बसली, गोधडी बसली, पापडांचा डबा बसला. मला मधे कोंबलं. आई आपलं गाठोडं घेऊन चाकाजवळ आली तेव्हा आत्या वरून म्हणाली, "गाय आज-उद्या व्याते. घरी कोनी बाई मानूस नको काय?"

काकूंनी आईच्या गाठोड्याकडे पाहिलं. आत्या पुढे म्हणाली, "मी राह्यली असती. पन पोरगी दाखवाची, तिथं मोठं मानूस पाह्यजे. आन आता जागा तरी कुठं हाय?"

ती गाय आठ दिवस "आज-उद्या" व्यायची होती. बाबांनी कासरा हातात घेतला होता. ते बैलांच्या पाठीकडे पाहत राहिले. एक शब्द बोलायचा होता त्यांना, एकच, आणि तो ते बोलले नाहीत. आईनं गाठोडं सोडलं, त्यातली माझी फणी काढून माझ्या हातात दिली आणि मागे सरली. मी खाली उडी मारली. बाबांनी मला दंडाला धरून परत वर बसवलं. "तुलेच पाहाले येऊन राह्यले ते. बस चुपचाप." बंडी हलली. मी मागे वळून पाहिलं तर ती हिरव्या लुगड्यात अंगणात उभी होती आणि बंडी वळेपर्यंत तशीच उभी राहिली.

डोंगर लाल होता. ती सांगायची त्याहून जास्त लाल होता. आम्ही पोचलो तेव्हा उन्हं उतरत होती आणि सागाच्या करड्या खोडांमधून कुसुमांची झाडं चुलीतल्या निखाऱ्यासारखी दिसत होती, इथे एक, तिथे चार, वरच्या धारेवर तर नुसती रांग. मी मुद्दाम नीट पाहिलं. रागानं माझे दात आवळलेले होते, तरी पाहिलं, कारण घरी जाऊन तिला सांगायचं होतं. मामाच्या अंगणात आत्या डोंगराकडे पाठ करून बसली आणि दशमी खाऊ लागली. काकू म्हणाल्या, "बाई, पाहा तं खरं, केवढं लाल हाय." आत्यानं मान थोडीशी वळवली, पाहिलं आणि म्हणाली, "आपल्या नाल्यावर बी हाय असं झाड." आणि पुन्हा खाऊ लागली.

मामी दारातच विचारत होती, माझ्या नणंदबाई कुठे आहेत? बाबा म्हणाले, गाय व्यायची आहे. मामी म्हणाली, "गाय काय दरसाल व्याते. फागुनात त्या कवा आल्या हायेत?" बाबांनी पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी मुलाचे वडील आले. मुलगा आलाच नव्हता. वडील पटका बांधलेले, सावकाश बोलणारे, आणि स्वतःच्या सावकाशीवर खूश. त्यांनी मला चालायला लावलं, माझे तळवे पाहिले आणि आत्याला विचारलं, शेतातलं काम येतं का. शाळा सुटेल ना, असंही विचारलं. आत्या म्हणाली, "सुटलीच समजा." बैलजोडी मात्र बाबांना पसंत पडली नाही. म्हणजे ज्या कामासाठी निघालो ते झालंच नाही, आणि ज्यासाठी निघालो नव्हतो ते झालं.

घरी आलो तर गाय व्याली नव्हती. आई बंडीतलं सामान उतरवू लागली. रात्री भांडी घासताना मी तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, "आई, डोंगर इतका लाल..." तिनं राखेचा हात वर केला.

"नोको सांगू," ती म्हणाली. "मले उष्टं नाई पाह्यजे."

गाय पुढच्या आठवड्यात व्याली. गाईची वार पडेपर्यंत आई कोठ्यातून हलली नाही. चिकाचा खरवस तिनं केला, सगळ्यांना वाढला. नाल्यावरचं झाड तोवर तांबूस व्हायला लागलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पाणी भरलं, भाकरी करून टोपल्यात झाकल्या आणि हिरवं लुगडं नेसून ओसरीत आली.

"मी चालली," ती म्हणाली.

"कुठं?" बाबा.

"पानं पाहाले."

आत्या आतून धावत आली. शिव्या काय दिल्या त्या लिहीत नाही. तिच्या तोंडाला त्या शोभायच्या, माझ्या लेखणीला शोभत नाहीत. आई ऐकून घेत उभी राहिली. बाबा पहिल्यांदा खरंच घाबरले होते. त्यांनी आवाज खाली आणून म्हटलं, "जाचं तं जा. पन लोकाले काय सांगू मी? भाऊ बिमार हाय म्हन, झालं."

"काहून? चांगला हाय माहा भाऊ. पानं पाहाले गेली म्हना."

"असं म्हनता येते काय?"

"नाई येत तं नोका म्हनू," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरली. राळेगावपर्यंत ती पायी गेली, तिथून पांढरकवड्याची मोटार. आयुष्यात ती एकटी मोटारीत बसली नव्हती. तिकीट कसं काढायचं ते तिनं मला आदल्या दिवशी विचारलं होतं आणि मला वाटलं होतं, सहज विचारते आहे.

ती नव्हती ते दिवस आत्यानं स्वयंपाक केला. भाकरी करपायच्या, वरणात मीठ नसायचं, आणि प्रत्येक घासाला आईचा उद्धार. मी मुकाट्यानं जेवायचे आणि मला प्रत्येक घास गोड लागायचा. बाबांनी गावभर सांगितलं, साळा फार आजारी आहे. काकांनाही तेच सांगितलं. आमच्या लोकांचं हेच होतं. खरं कारण लाजिरवाणं वाटलं की आजार पुढे करायचा, आणि तो ऐकणाराही आजार समजून मान डोलवायचा. पण काका पडले मध्यस्थ. त्यांनी तो आजार जसाच्या तसा डोंगराकडे पोचवला. मुलाच्या वडिलांचं गाव मामाच्या गावाला लागून होतं, हे बाबांच्या डोक्यातच आलं नाही.

आई परत आली ती उन्हानं रापलेली, लुगड्याचा काठ काजळीनं भरलेला. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून डोंगरातले लोक झाडांखालचा पाला पेटवून देतात, त्या जळक्या पाल्यातून ती हिंडली होती. कोणी काही विचारलं नाही. तिनंही काही सांगितलं नाही. हातपाय धुऊन ती चुलीशी बसली. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते आणि मला वाटलं, मिळालं हिला हवं ते. मी मनातल्या मनात जिंकल्यासारखी वावरू लागले.

होळी झाली आणि मुलाचे वडील काकांना घेऊन आमच्या दारात आले. अंगणातल्या बाजेवर बसले. चहा हातात घेऊन सावकाश बाबांना म्हणाले, "तुमचे साळे परवा बजारात भेटले मले. चांगले ठणठणीत. मंग बिमार कोन होतं?"

बाबा खांद्यावरचा पंचा नीट करू लागले. पाहुणे थांबले नाहीत.

"घरची बाई एकटी निंगून गेलती म्हनते. भांडन झालं असन तं सांगून टाका. भांडन कोनाच्या घरी होत नाई? पन लपवाचं काम नाई. आमाले पोरगी कराची हाय."

बाबा आत आले. आई कणीक तिंबत होती. ते तिच्यापुढे अक्षरशः हात जोडून उभे राहिले. "बाहीर ये आन सांग. भावाले ताप होता, आता उतरला. एवढंच म्हन." आणि आत्या, जी आईशी कधी साध्या आवाजात बोलली नव्हती, ती म्हणाली, "सांग वं एवढं. पोरीचं चांगलं होते." मी माजघरात भिंतीला टेकून उभी होते. मला ते लग्न नको होतं आणि ते मला कोणी विचारलं नव्हतं, आईनंसुद्धा नाही.

आईनं हात धुतले, डोक्यावरून पदर घेतला आणि दाराच्या चौकटीत जाऊन उभी राहिली.

"कोनी बिमार नोतं," ती म्हणाली. "मी पानं पाहाले गेलती."

"कायची पानं?"

"कुसुमाची. तुमच्याच गावाच्या वरच्या डोंगरावरची. लाल होते तवा."

"होते लाल," पाहुणे म्हणाले. "मंग? काम काय होतं?"

"काम काईच नोतं."

भांडण असतं तर त्या माणसाला चाललं असतं. नवऱ्यानं मारलं असतं तरी त्यानं समजून घेतलं असतं, वर दोन शब्द उपदेशाचे सांगितले असते. पण काम नसताना निघालेली बाई त्याला कुठे बसवावी ते कळेना. पुढे गावातल्या बायका मला म्हणायच्या, तुझ्या आईनं तुझ्यासाठी केलं हो सगळं, तुला त्या घरात पडू दिलं नाही. खोटं आहे. त्या वेळी तिच्या डोक्यात मी नव्हते. ती आपल्या पानांबद्दल बोलत होती, आणि मला ते तसंच आवडतं.

पाहुण्यांनी आता बाबांकडे तोंड केलं, जणू दारात कोणी उभंच नव्हतं. "दरसाल जाते काय हे अशी?"

बाबांनी जमिनीकडे पाहिलं.

"आता जाईन," आईनंच उत्तर दिलं. "औंदा मी पोचली तवर लाल सगया उतरून गेलता."

पाहुण्यांनी अर्धा चहा तसाच बाजेखाली ठेवला आणि जोडे शोधू लागले. काका त्यांच्या मागे धावले. मी मात्र आईच्या त्या वाक्यापाशीच अडकले होते. परत आल्यापासून ती हे कोणालाही बोलली नव्हती. चतुर्थी, चांगला वार, गाय, सगळं होऊन ती पोचली तेव्हा डोंगर हिरवा झाला होता, आणि त्या हिरव्या डोंगरात ती दिवसेंदिवस जळक्या पाल्यातून फिरून लाल शोधत राहिली होती.

मी आत्याकडे पाहिलं. ती माझ्याकडेच पाहत होती, आणि तिनं मान खाली घातली नाही.